मसऊदा गाईचा तह

त्या काळात आमच्या बंदरात कुणाच्या ना कुणाच्या छत्राखाली नसलेला माणूस शोधून सापडत नसे. आमच्याच गल्लीत न्हावी पोर्तुगालचा होता, विहिरी खणणारा स्पेनचा होता आणि दाविया मावशीचा बोकड अमेरिकेचा. अमेरिका कुठे आहे हे मावशीला ठाऊक नव्हतं, बोकडालाही नव्हतं. पण त्याच्या गळ्यात लाखेचा शिक्का मारलेला कागद लटकत असे आणि सुभेदाराचे शिपाईसुद्धा त्याला वाट देत. बोकड त्यामुळे फार माजला होता.

पद्धत सोपी होती. आपल्या जनावरात परदेशी माणसाला अर्धा भागीदार करून घ्यायचं. तो भागीदार झाला की जनावर त्याच्या राजाचं, आणि त्याच्या राजाच्या जनावराला सुलतानाचा माणूस हात लावू शकत नाही. बंदरात बसलेल्या परदेशी वकिलांना, म्हणजे कॉन्सलांनाही हे हवंच असे. ज्याच्या वहीत जास्त माणसं आणि जास्त बोकड, त्याचा राजा मोठा, असा त्यांच्यात हिशेब होता. दर वर्षी ते आपापली यादी तांजाला, आपल्या वरिष्ठांकडे पाठवत, तिथून ती समुद्रापार जाई, आणि तिकडे कुणी मिशीवाला म्हणत असेल, वा, मोरोक्कोत आपलं वजन वाढतंय.

मी मात्र कुणाचीच नव्हते. माझा नवरा होडीवर वल्ही मारायचा. आमच्या किनाऱ्याला लाटा अशा की मोठं जहाज जवळ येऊच शकत नाही. माल आणि माणसं दोन्ही आमच्या होड्यांतूनच उतरतात. एका हिवाळ्यात तो गेला तो परत आला नाही. मागे राहिले मी, एक कोंबडा, चार कोंबड्या आणि मसऊदा.

मसऊदा म्हणजे माझी गाय. रंगाने विटेसारखी, एक शिंग वाकडं, आणि चार शिव्या घातल्याशिवाय पान्हा सोडायची नाही. रोज सकाळी मी तिला तिच्या सात पिढ्यांवरून बोलायची आणि ती डोळे मिटून दूध द्यायची. त्या दुधाचं ताक मी गल्लीत विकायची. माझी भाकरी, माझं छप्पर, माझी मान ताठ, सगळं त्या गाईच्या चार पायांवर उभं होतं.

असं सगळं ठीक चाललेलं असताना फ्रान्सचा राजदूत येणार अशी बातमी आली.

राजदूत सुलतानाच्या भेटीला निघाला की वाटेतल्या सगळ्या लोकांनी त्याला पोसायचं, हा आमच्याकडचा जुना रिवाज. शंभर कोंबड्या, हजार अंडी, लोण्याचे बुधले, साखरेचे सुळके, मेणबत्त्या. एक माणूस एवढं खातो कसं, हे विचारायचं नाही. सुभेदाराचा कारभारी बूअज्ज़ा यादी घेऊन गल्लीत आला. अंगाने लहान, पगडीने मोठा. दाविया मावशीच्या दारात तो बोकडाकडे नुसता बघून पुढे सरकला आणि माझ्या दारात थांबला.

"यामना, गाय चांगली आहे हो."

"चांगली कसली सिदी, हाडकी आहे. शिंग बघा, वाकडं."

"राजदूत शिंग खात नाही," असं म्हणून त्याने यादीवर खूण केली. "गुरुवारी माणूस येईल. ताजी गाय हवी, पाहुण्यांसमोरच कापायची."

तो गेल्यावर मी मसऊदाच्या शेजारी बसले. रडले नाही, कारण मी रडले की ती शेपटीने मारते.

दाविया मावशी आली आणि म्हणाली, "अगं, बसलीस काय? जर्मनाकडे जा."

"जर्मन कशाला? त्याला माझी गाय माहीत तरी आहे का?"

"त्याला तू पण माहीत नाहीस. त्याच्या वहीत या वर्षी इंग्रजापेक्षा सात जनावरं कमी आहेत. मखलूफ सांगत होता. तो तर बेडकातसुद्धा भागीदारी करेल."

मखलूफ म्हणजे आमच्या बंदरातला दुभाष्या. यहुदी मोहल्ल्यातला, चार भाषा येणारा, आणि जर्मन आणि इंग्रज दोन्ही कॉन्सलांकडे नोकरीला. सकाळी एकाचा, दुपारी दुसऱ्याचा. दोघांनी एकमेकांना पत्रं लिहिली की दोन्हीकडची मखलूफच लिहायचा, आणि कधीकधी स्वतःवरच रागवायचा.

मी माझ्या दिराला, महजूबला, सोबत घेतलं. बाईमाणसाच्या कागदावर पुरुषाचा अंगठा लागतो म्हणून. महजूब मनाने लोणी. डोक्यानेही तसाच. जर्मन कॉन्सलचं नाव क्लोप. लालबुंद, घामेजलेला, प्रेमळ माणूस. त्याने गाईचं वय विचारलं, रंग विचारला, आणि ती इंग्रजाच्या दारावरून चरायला जाते का हेही विचारलं. मग कागदावर शिक्का बसला. मसऊदाच्या वाकड्या शिंगाला एक फीत बांधली. ती फीत घरी येईपर्यंत तिने खाल्लीसुद्धा. पण कागद माझ्या पेटीत होता. मी त्या दिवशी चुलीवर कुसकुस चढवला आणि गल्लीत वाटला.

दुसऱ्या दिवशी महजूब हसत हसत आला.

"वहिनी, आता काळजीच नको. मी इंग्रजाचाही कागद करून आणला."

माझ्या हातातली रवी थांबली. "कुठला कागद?"

"गाईचा. अर्धी त्यालाही दिली. अगं, दाराला एका कडीपेक्षा दोन कड्या बऱ्या. जर्मन गावाला गेला तर इंग्रज आहे की."

"महजूब, अर्धी जर्मनाला दिली. अर्धी इंग्रजाला दिली. मला काय राहिलं?"

त्याने बोटांवर हिशेब केला आणि म्हणाला, "गोठा आहे ना."

मी त्याला रवीने मारलं. फार नाही, दोनदाच.

बूअज्ज़ाचा माणूस गुरुवारी आला आणि दोन शिक्के बघून आल्या पावली परत गेला, हे खरं. पण संध्याकाळपर्यंत दोन्ही कॉन्सलांना एकमेकांचा कागद कळला. जर्मनाने आपल्या हिश्शाच्या रक्षणासाठी एक शिपाई माझ्या दारात बसवला. तासाभरात इंग्रजानेही बसवला. दोघे एकमेकांचे मावसभाऊ निघाले. त्यांनी पायरीवर खडूने पट आखला, खजुराच्या बियांनी डाव मांडला आणि दिवसभर माझं ताक पीत बसले. गाईकडे बघायला दोघांनाही वेळ नव्हता.

"अरे, तुम्ही राखण करताय की सासुरवाडीला आलाय?" मी विचारलं.

"लाल्ला यामना," जर्मनाचा शिपाई जिलाली म्हणाला, "आम्ही गाईला राखत नाही. मी इंग्रजापासून राखतो, हा जर्मनापासून. ते आले की उठू. ताकात मीठ जरा कमी आहे."

इकडे पत्रांवर पत्रं सुरू झाली. कागदात नुसतं "अर्धी" लिहिलं होतं, कुठली अर्धी ते नव्हतं. जर्मन म्हणे, माझा कागद शुक्रवारचा, तेव्हा आधी मी. इंग्रज कॉन्सल हॉजेट म्हणजे उंच, कोरडा, अंघोळ करून आलेल्या बगळ्यासारखा माणूस. तो म्हणे, शुक्रवार या लोकांचा नमाजाचा दिवस, त्या दिवशीचा कागद धरायचा नाही. प्रकरण तांजाला गेलं. तिथून दोघांनाही सारखंच उत्तर आलं की फ्रान्सचा राजदूत उतरायच्या आत मिटवा, गाईवरून फ्रेंचांसमोर हसं नको.

मंगळवारी मखलूफ माझ्याकडे आला. चहा दिला तरी हातात नुसताच धरून बसला. तेव्हाच मी ओळखलं.

"बोल मखलूफ."

"मिटलं, यामना."

"कसं?"

"दोघे मोठेपणाने वागले. भांडण नको म्हणाले. फ्रान्सचा कॉन्सल आपल्या बंदरात नाही, तेव्हा राजदूताला मेजवानी द्यायची कुणी, यावरूनही दोघांचं वाजलं होतं. आता ती दोघे मिळून देणार. आणि..." त्याने चहा खाली ठेवला. "आणि मेजवानीला मसऊदा. म्हणजे कुणाची पुढची, कुणाची मागची हा प्रश्नच उरत नाही. कातडं तुला द्यायचं ठरलंय. त्यावर कुणी हरकत घेतली नाही."

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. आमच्याकडे तिसऱ्याचं जेवण झालं. ज्या पाहुण्याच्या ताटातून गाय वाचवायला मी दारोदार फिरले, दोन साम्राज्यांतून वळसा घालून ती त्याच ताटात निघाली होती.

"सही कधी करणार?"

"उद्या सकाळी. क्लोपच्या घरी. मीच वाचून दाखवणार आहे." मग तो हळूच म्हणाला, "दोघेही एकाच वेळी, एकाच उंबऱ्याच्या आत असतील. असं वर्षात एकदाही होत नाही."

एवढं बोलून तो उठून गेला. पण दाविया मावशी भिंतीपलीकडून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "तुझा कोंबडा किती वर्षांचा झाला?"

आमच्याकडे माणसाचे सगळे रस्ते बंद झाले की तो आर घालतो. बलवंताच्या उंबऱ्यावर जनावर कापायचं, देवाचं नाव न घेता, आणि रक्त वाहू द्यायचं. मग ज्याचा उंबरा, तो बांधला जातो. त्याने गाऱ्हाणं दूर केलं नाही तर तो शाप त्याला लागतो, त्याच्या घराला लागतो, आणि त्याचं मीठ खाणाऱ्यालाही लागतो. त्या मांसाला त्याने तोंड लावायचं नाही, ते भिकाऱ्याला जातं. सुलतानसुद्धा आराला घाबरतो. कॉन्सलाच्या दारात मात्र तो कधी कुणी घातला नव्हता. परदेशी माणसाला शाप लागतो की त्याला त्याच्या राजाचं छत्र असतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

कापायचं काम मी महजूबलाच दिलं.

"वहिनी, मला नको. मला आतून कळ येतेय."

"दोन कड्या लावताना नाही आली ती?"

बुधवारी सकाळी आम्ही गेलो. क्लोपच्या फाटकाशी जिलाली उभा होता, त्या दिवशी तिथे त्याची पाळी होती. माझ्या काखेतला कोंबडा बघून तो मागे सरकला.

"लाल्ला, नको. माझी बायको गरोदर आहे."

"मग तू आत जा आणि त्यांना सांग."

"काय सांगू? जर्मन भाषेत याला शब्द नाही!"

महजूबने डोळे मिटूनच सुरी चालवली, आणि कोंबड्यापेक्षा जास्त तोच ओरडला. पांढऱ्या उंबऱ्यावर रक्त पसरलं. मी पायरीवर डोकं टेकलं आणि मोठ्याने म्हणाले, "देवाच्या आणि तुमच्या आसऱ्याला आले. माझी गाय मला द्या."

आतून दोघे कॉन्सल आणि मखलूफ बाहेर आले. क्लोपने रक्त पाहून बुटाचं टोक मागे घेतलं. मखलूफ पांढरा पडला होता, पण आवाज पक्का ठेवून तो त्यांना समजावत होता. मला त्यातलं फक्त "आर" कळलं. त्यांचे प्रश्न आणि त्याची उत्तरं त्याने नंतर मला सांगितली.

"हे नाही ऐकलं तर काय होतं?" क्लोपने विचारलं होतं.

"कायद्याने काहीच होत नाही, साहेब."

"आणि कायदा सोडून?"

"कायदा सोडून सगळं होतं."

हॉजेट हसला. त्याने कोंबडा पायाला धरून उचलला, वजन पाहिलं, आणि आपल्या आचाऱ्याकडे पाठवून दिला. त्याच्या लेखी ती बिचाऱ्या विधवेची भेट होती, आणि भेट नाकारणं असभ्यपणाचं. आचाऱ्याने कोंबडा पाहिला, कुठून आला ते विचारलं, कमरेचं फडकं सोडून कोंबड्यावर घातलं, आणि तो घरी गेला. तेव्हा हॉजेटने तो स्वतः उकडला. स्वतः खाल्ला. म्हातारा कोंबडा होता, चामड्यासारखा. पण ताटात टाकायचं नाही हीही त्यांच्यात रीत असावी.

आराचं कोंबडं खाल्लं! दुपारच्या नमाजाच्या आत ही बातमी वेशीपलीकडे गेली.

गुरुवारी सकाळी दोन्ही कॉन्सलांकडे पाणक्या आला नाही. धोबीण आली नाही. मोतद्दाराने खेचरं सोडून दिली. माझ्या दारातले शिपाई पट अर्धा टाकून उठले. जिलाली म्हणाला, "लाल्ला, राग मानू नकोस, पण त्यांचं मीठ आता घशाखाली जात नाही. तुझं ताक चालेल." कुणी कट केला नव्हता, कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. सगळे नुसते घाबरले होते. घाबरलेल्या माणसांची एकी फार पक्की असते.

त्याच दिवशी दुपारी राजदूताचं जहाज आलं.

तोफा झाल्या. जहाज लांब उभं राहिलं आणि हेलकावू लागलं. क्लोप आणि हॉजेट पदकं लावून, पायी, किनाऱ्यावर आले. आमच्या होड्या वाळूवर पालथ्या होत्या आणि त्यांच्या सावलीत माझ्या नवऱ्याचे सगळे जुने सोबती झोपले होते.

"होड्या काढा," मखलूफने सांगितलं.

तांडेल एक डोळा उघडून म्हणाला, "कुणाच्या हुकमाने?"

"जर्मनीच्या आणि इंग्लंडच्या."

"यांच्या अंगावर आर आहे. यांना घेऊन, नाहीतर यांच्या पाहुण्याला आणायला, पाण्यात उतरायचं? समुद्र कुणाचं छत्र बघत नाही, मखलूफ." आणि त्याने तो डोळा मिटला.

दोन दिवस जहाज तिथेच हलत होतं. आम्ही बायका गच्चीवरून बघायचो. राजदूत कठड्याला धरून ओणवा होतो, आत जातो, परत येऊन ओणवा होतो. किनाऱ्यावर दोघे कॉन्सल टोप्या हलवत असायचे. दाविया मावशी म्हणाली, "बिचारा. त्याला कुणीतरी सांगा, भाजलेलं जिरं चघळ म्हणावं."

शनिवारी सकाळी ते माझ्या दारात आले. चिखलातून चालत, दाढी वाढलेली, कॉलर मळलेली. क्लोपच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याने दोन दिवस नुसती बिस्किटं खाल्ली होती. हॉजेट तसाच ताठ होता, पण पोट धरून. मला मेलीला दया आली. मी दोघांनाही ताक दिलं. हॉजेट दोन भांडी प्यायला.

"ते म्हणतात, गाय तुझी," मखलूफ म्हणाला. "लिहून देतात."

"मग द्यावं."

यावर ते दोघे आपसात बोलू लागले आणि आवाज चढला.

"आता काय झालं?"

"आधी सही कोण करणार, यावर अडलंय. जो आधी करेल त्याच्या राजाने आधी माघार घेतली असं होईल."

"दोन कागद करा आणि दोघे एकदमच करा," मी म्हणाले. "कपडे वाळत घालताना दोन टोकं दोघी धरत नाहीत का?"

हे त्यांना पटलं. पण माझ्या घरात मेज नाही. तेव्हा दोन्ही कागद मसऊदाच्या पाठीवर पसरले, एक या बाजूने, एक त्या बाजूने, आणि मखलूफने तीन म्हटल्यावर दोघांनी एकदम टाक टेकवला. मसऊदाने त्याच क्षणी अंग थरथरवलं. जर्मन साम्राज्याची सही शेपटीपर्यंत गेली आणि इंग्रजांची दोन ठिपक्यांत संपली. त्यात असं लिहिलं होतं की या जनावराच्या कुठल्याही भागावर, पुढच्या किंवा मागच्या, बाहेरच्या किंवा आतल्या, आमच्या सरकारचा आज किंवा पुढे कधीही हक्क नाही. मखलूफ म्हणाला, "यामना, एवढा स्पष्ट कागद सुलतानालाही मिळालेला नाही."

आर उतरवायला मी स्वतः क्लोपच्या घरी जाऊन उंबरा धुतला. तांडेलाने होड्या सरळ केल्या. पण पाण्यात उतरेपर्यंत जहाजाने धूर सोडला होता. राजदूताला आमचं बंदर पचेना. तो दक्षिणेला आसफीच्या बंदरात जाऊन उतरला. तिथेही कुणाची तरी गाय असेलच. त्या बाईला कुणी दाविया मावशी भेटली की नाही, ते मला कधी कळलं नाही. अजूनही जेवताना मध्येच ते मनात येतं.

आता एकच भीती राहिली होती. भागीदारीचे दोन्ही कागद त्याच दिवशी फाडले गेले, म्हणजे छत्रही गेलं. बूअज्ज़ाला हे कळायला वेळ लागणार नव्हता. चौथ्या दिवशी तो आलाच. शिपायांशिवाय, एकटा. मी मसऊदाच्या पुढे जाऊन उभी राहिले.

"जर्मनाचा कागद?"

"फाडला, सिदी."

"इंग्रजाचा?"

"तोही."

"मग ही गाय कुणाच्या छत्राखाली?"

"छपराखाली आहे. ते पण गळतं."

त्याने गाईकडे पाहिलं. मग मागे गल्लीत कुणी नाही हे पाहिलं, पगडी काढली आणि पालथ्या टोपलीवर बसला. पगडीशिवाय तो कुणाचा तरी आजारी मामा दिसत होता.

"ताक आहे का?"

मी दिलं. तो हळूहळू प्यायला.

"सुभेदारांचं काही खरं नाही," तो म्हणाला. "राजधानीहून, फेसहून, नवा माणूस येतोय म्हणतात. नवा आला की जुन्याच्या कारभाऱ्याला आधी साखळीत घालतो. माझ्या तीन मुली आहेत, यामना." भांड्याच्या तळाशी बघत त्याने विचारलं, "तू दोघांनाही जवळून पाहिलंस. आसरा मागायला त्यांतला बरा कोण?"

याच माणसाने माझ्या गाईवर खूण केली होती. त्याला चांगलं झुलवावं, असं मनात आलं नाही असं नाही. पण त्याचे कान लाल झाले होते.

"आसरा दोघेही देतील, सिदी," मी म्हणाले. "धावत येऊन देतील. माझ्या गाईला दिला तसा."

"म्हणजे जाऊ नको म्हणतेस?"

"मी कोण सांगणारी? मी स्वतः गेलेच होते की."

त्याने मान हलवली, पगडी घातली आणि उठला. गल्लीच्या तोंडाशी दोन वाटा फुटतात, डावीकडे इंग्रज, उजवीकडे जर्मन. तिथे तो उभा राहिला, एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. चार वर्षांनी फ्रेंच फौज उतरली आणि सगळं बंदरच तिच्या छत्राखाली गेलं, तिने डावं विचारलं नाही की उजवं. पण ते त्याला कुठे ठाऊक होतं? मीही फार वेळ बघत बसले नाही. दूध काढायची वेळ झाली होती, आणि मसऊदा हंबरायला लागली होती.